चव जाते कुठं?

नूरआपांच्या दुकानातलं फळ विकत घेता येई, पण लगेच तोंडात टाकता येत नसे. चेरी तर नाहीच नाही. थंडीतून काढलेली चेरी त्या गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत आणि मूठ मिटायला लावत. "थांबा जरासक. झोपून आहे ते अजून. जागं होऊ द्या." बाहेर यवतमाळकडच्या आर्णी गावचा मे महिना. डांबर चपलेला चिकटतंय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दुकानाच्या पायरीवर एखादे भारदस्त गृहस्थ मूठ मिटून मुकाट उभे. हे दृश्य मी समोरच्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवरून कितीतरी वेळा पाहिलं आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन आर्णीत आले होते. बी. फार्म झालेली सून मिळाली म्हणून सासरच्यांनी मला लगेच दुकानात बसवलं. समोर फळांचं दुकान, आणि त्यात भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर घातलेली एक उंच, सडसडीत बाई. कोल्डरूममध्ये सारखं आत-बाहेर करावं लागतं म्हणून त्या स्वेटर काढतच नसत. लोक हसत. त्याही हसत. चष्मा गळ्यात दोऱ्याला लटकलेला, दुपट्टा कमरेला खोचलेला. एके दुपारी त्यांनी रस्त्यापलीकडून मला हात केला. मी गेले. त्यांनी माझ्या हातावर चेरी ठेवली आणि माझी बोटं स्वतःच मिटवली.

चेरी म्हणजे केकवर लावतात ती, करवंदं साखरेच्या पाकात लाल करून केलेली, अशीच माझी समजूत. ही काळपट लाल होती, हिरव्या देठाची. खाल्ली आणि म्हणाले, "छान आहे."

आपांचा चेहरा पडला. "छान तं साबणही असते, बेटी. तोंडात काय झालं ते सांग. पहिले काय झालं, मंग काय झालं."

मी तोंडी परीक्षेला उभी राहिल्यासारखी सांगत गेले. आधी साल फुटली. मग रस आला. जिभेच्या कडांना आंबट लागलं, मग मध्ये गोड. आणि मग नाकात काहीतरी आलं...

"नाकात काय आलं?" आपा पुढं वाकल्या.

मला सांगता येईना. फुलासारखं म्हणावं तर फूल नव्हतं.

"उद्या ये. पुन्हा खाजो," त्या म्हणाल्या. मला वाटलं, माल खपवायची ही त्यांची युक्ती असणार.

दुकान त्यांच्या नवऱ्याचं, यूसुफभाईंचं. संत्री, केळी, आंबे, आणि मागच्या खोलीत सफरचंदासाठी बांधून घेतलेली छोटी कोल्डरूम. चेरी त्यांनी कधी मागवली नव्हती. कोरोनाच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी, नागपूरच्या व्यापाऱ्यानं सफरचंदाबरोबर काश्मिरी चेरीची काही खोकी आग्रहानं गळ्यात मारली. लोकांनी नवलाई म्हणून नेली. थोड्याच दिवसांत एक बाई पुडा घेऊन परत आली. "दिसाले चेरी आहे, खाले काहीच नाही," म्हणाली. यूसुफभाईंनी दुसरं फळ देऊन तिची समजूत काढली आणि जाहीर केलं, "अपने इधर नहीं चलता ये माल."

आपांच्या डोक्यात मात्र भलताच प्रश्न शिरला. "पण चव गेली कुठं? कालपरवा होती म्हणता. रंग इथंच आहे, रस इथंच आहे. मंग चवच काहून गेली? न् गेली तं कुठं गेली?" हा प्रश्न त्यांनी नवऱ्याला विचारला, व्यापाऱ्याला फोन करून विचारला, पुढं ओळख झाल्यावर मला विचारला. एकदा तर त्यांनी चेरीचं रिकामं खोकं माझ्या नाकाशी धरलं. "खोक्यात शिरली काय पाह्य बरं." मी हसत हसत हुंगलं. पुठ्ठ्याचा वास आला, तसं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि खोकं बाजूला ठेवलं. त्या स्वतः का हुंगत नाहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते कळलं पावसाळ्यात. यूसुफभाईंच्या बीपीच्या गोळ्या द्यायला मी दुकानामागच्या त्यांच्या घरात गेले. दारातच करपलेल्या दुधाचा वास आला. आत पाहते तर गॅसवर दूध जळून काळं झालेलं, आणि आपा शेगडीकडं पाठ करून तांदूळ निवडत निवांत बसलेल्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. आपांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आलता का वास?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

"मले नाही येत," त्या म्हणाल्या. "कोरोनात गेला. ताकद वापस आली, गळलेले केस आले, वास नाही आला. यवतमाळच्या डाक्टरले दाखवलं. तो म्हणे, आला तं येईन, नाही तं नाही. पहिले रोज सकाळी अत्तराची शिशी उघडून पाहो. मंग तेही सोडून देल्लं." पातेलं घासायला घेत त्या म्हणाल्या, "फोडणी मी कानानं करतो. मोहरी बोलते, जिरं बोलते. दूध काही बोलत नाही, ते गुपचूप करपते."

इकडं बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. नाशिककडून आलेल्या मला सुरुवातीला त्याचं हसू येई. त्या दिवशी आलं नाही.

औषधशास्त्रात शिकलेलं मला आठवत होतं. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू असं मोजकंच कळतं. बाकी जिला आपण चव म्हणतो ती सगळी नाकाची करामत. म्हणजे आपांना डाळ आणि सांबार, संत्रं आणि मोसंबी जवळजवळ सारखीच. मी विचारलं, "मग आपा, चेरीच्याच मागे का लागलात? आंबा आहे, संत्रं आहे."

त्यांनी हात पुसले. "आंब्याचं अलग आहे. आंबा तोंडात टाकला का मले याद येते. मंग जिभेवर किती आहे न् डोक्यात किती आहे, समजतच नाही. मीच मले फसवतो. चेरी मी पहिले खाल्लीच नव्हती. नाक गेलं, मंग चेरी आली. तिची मले यादच नाही. तुम्ही सांगान तेवढीच चेरी माह्या जवळ आहे." पातेलं पालथं घालत त्या पुढं म्हणाल्या, "म्हणून म्हणतो, तिची चव टिकली पाहिजे. इथं येईस्तोवर अर्धी जाते, कोल्डरूममंधी उरलेली जाते. मंग तुम्ही मले काय सांगान? साबण?"

त्या दिवसापासून मी रस्ता ओलांडून आपणहोऊन जाऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात यूसुफभाईंच्या मनाविरुद्ध चेरी पुन्हा आली, आणि आपांनी ती चाखून सांगायला माणसं नेमली. एक मी. दुसरी तुळसाबाई, जवळच्या तांड्यावरून येऊन दुकानाच्या पायरीशी भाजी विकणारी, कोणाचीही भीड न ठेवणारी. तिसरे खुद्द यूसुफभाई. त्यांचा काही उपयोग नव्हता. कुठलीही चेरी दिली तरी ते म्हणत, "अच्छी है." आपा चिडत. "तुम्हाले निकाहही अच्छा न् मय्यतही अच्छी!"

आपांच्या प्रयोगांना शेंडाबुडखा नव्हता. सुरुवातीला त्यांनी चेरी स्वच्छ धुऊन ठेवली. बुरशी आली. मग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवली. काही दिवसांनी पिशवी सोडली तेव्हा तुळसाबाईनं नाक वर केलं. "आपा, हे तं मोहाच्या दारूवानी वास मारून राह्यलं. खाऊ का पिऊ?" मी पुस्तकांत आणि मोबाइलवर शोधून सांगितलं, फळ तोडल्यावरही श्वास घेत असतं, कोंडलं की आंबतं. आपांना ते फार आवडलं. "श्वास घेते? मंग आधी सांगायचं नाही?" दुपारभर त्या सुई घेऊन पिशव्यांना बारीक भोकं पाडत बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "जिवंत आहे ते. दम लागते तिले."

मग लक्षात आलं की कोल्डरूमचं दार सफरचंदांसाठी दिवसभर उघडतं, गरम हवा आत शिरते, आणि चेरीवर दव धरतं. आपांनी बंद पडलेल्या पार्लरमधला आइस्क्रीमचा जुना पेटी-फ्रिज मिळवला आणि मेकॅनिककडून त्याची थंडी शून्याच्या आसपास राहील अशी करून घेतली. माझ्या लशींच्या फ्रिजमधला जास्तीचा थर्मामीटर मी त्यात ठेवला. पेटी उघडायची ती सकाळी एकदाच, असा नियम झाला. चव थोडी टिकू लागली. मी त्यांना सांगितलं, साठवणीत आंबटपणा आधी कमी होतो, गोडी मागं राहते, आणि आंबटाची जोड नसली की तीच गोडी फिकी वाटते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळसाबाईपुढं मोठ्या आशेनं वाटी ठेवली. जुन्या चेरीवर लिंबू पिळलं होतं.

"निंबू लागते," तुळसाबाई म्हणाली. "चेरी कुठं आहे याच्यात?"

आपा इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.

एकदा नागपूरहून ताजा माल आला आणि तुळसाबाई चावता चावता म्हणाली, "आज आली म्हणता, पण हे जुनीच आहे." आपा चमकल्या. म्हणजे चव रस्त्यातच जात होती, उन्हात तापलेल्या टेम्पोत. माझ्याकडं इन्सुलिन ज्यातून येतं ते थर्माकोलचे डबे आणि बर्फाच्या पिशव्या पडून असत. आपांनी ते सगळे मागून घेतले. मग यूसुफभाईंना पहाटेच्या गाडीनं नागपूरला पाठवायचं, बाजारात खोकी उतरताक्षणी थंड डब्यांत भरून घ्यायची, असं ठरलं. यूसुफभाई पन्नास किलोमीटरवर ऐकू जाईल असं पुटपुटत. "लोग दुल्हन को भी ऐसे नहीं लाते." पण आणत.

याच उन्हाळ्यात मेथीची गोष्ट घडली. गल्लीत लग्न होतं. यूसुफभाईंनी मोठ्या मनानं लग्नाची भाजी आपल्या कोल्डरूममध्ये ठेवू दिली. आत जागा पुरेना, म्हणून मेथीच्या दोन पिशव्या त्यांनी चेरीच्या पेटीत सरकवल्या. सकाळी आपांनी पेटी उघडली, मेथी पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि पिशव्या बाहेर काढून मला चेरी दिली. मी चावली आणि थांबले.

"काय झालं?"

"आपा... मेथी लागतेय."

मला वाटलं, त्या यूसुफभाईंवर ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. पेटीतल्या चेरीकडं पाहत राहिल्या. त्यांनी एक उचलली, खाल्ली, चावून चावून खाल्ली. मग म्हणाल्या, "मले तं कालच्यावानीच लागून राह्यली. माह्या घरात, माह्या पेटीत मेथी शिरली, न् मलेच ठाव नाही." आवाज बारीक झाला होता. "कायले करून राह्यलो मी हे सारं? आंधळ्यानं चित्र राखल्यावानी?"

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दिवसभर स्वेटर दुकानातल्या खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. यूसुफभाई दारापाशी जात, हात उचलत आणि न वाजवताच परत येत. गिऱ्हाईक आलं तर भाव चुकीचा सांगत. संध्याकाळी ते माझ्या मेडिकलमध्ये आले, गोळ्या मागायच्या बहाण्यानं. थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "शुभा बेटी, तुम लोग कैसे बताते हो? मेरे को तो बस अच्छी लगती है. आगे क्या बोलना रहता है?"

मी म्हटलं, "घाई करायची नाही. तोंड मिटून चावायचं, श्वास नाकानं सोडायचा, आणि काय काय होतंय तिकडं लक्ष द्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं होते. आपा उठून दुकानात आल्या होत्या, पण पेटीकडं फिरकल्या नव्हत्या. यूसुफभाईंनी स्वतःच नव्या मालातली एक चेरी काढली, मुठीत धरून थांबले, मग तोंडात टाकली आणि डोळे मिटले. सत्तरीकडं झुकलेला तो जाडजूड माणूस दुकानाच्या मधोमध डोळे मिटून चावत होता.

"पहले... खट्टी है," ते म्हणाले. "कान के नीचे तक खट्टी. फिर मीठी आती है, धीरे से. फिर..." बराच वेळ ते थांबले. "फिर गुलाब जैसा कुछ. पूरा गुलाब नहीं. कोई गुलाब लेके बाजू से गया, वैसा."

आपा त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग खुर्चीवरचा स्वेटर उचलून अंगात घालता घालता म्हणाल्या, "इतके वर्षं मले वाटे, या माणसाले जीभच नाही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आपांची चेरी खरोखर टिकली. खोकं तीन-तीन आठवडे जुनं झालं तरी तुळसाबाईला चटकन ओळखता येईना. यवतमाळहून लोक मुद्दाम गाडी थांबवून नेऊ लागले. आपांना विक्रीचं फारसं कौतुक नव्हतं. गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहून खावं आणि बोलावं, एवढ्यासाठी त्यांची धडपड. कोणी घाईघाईनं "मस्त" म्हणून निघालं की त्या मागून हाक मारत, "अहो भाऊ, मस्त म्हणजे कसं?"

आणि मेच्या शेवटी वादळ आलं. ऐन दुपारी आभाळ काळं झालं. वारा सुटला तसे टिनपत्रे उडाले, बसस्टँडकडची झाडं तारांवर पडली. वीज गेली. खांबच आडवे झालेत, लाइन लवकर येणार नाही, अशी बातमी दुसऱ्या सकाळी आली. बर्फाचा कारखानाही बंद. सफरचंदांनी तग धरला असता. चेरीची पेटी मात्र काठोकाठ भरलेली होती, आणि झाकणाच्या कडेनं पाणी गळू लागलं होतं.

यूसुफभाई म्हणाले, मिळेल त्या भावानं काढून टाकू. आपा पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "सांजेस्तोवर हिचं पाणी होईन. आज आहे तं आज सगळ्यायले खाऊ घाला. मोल नाही घ्यायचं. पण खाईन त्यानं सांगावं लागन."

गल्लीत निरोप गेला. माणसं आली ती आधी संकोचत, मग झुंबड. आपा पायरीवर खुर्ची टाकून बसल्या, मी आणि तुळसाबाई वाटत होतो. सुरुवातीला सगळे "अच्छी", "गोड" म्हणत. आपा मान हलवत आणि पुन्हा खायला लावत. "हे कोणीही सांगन. तुह्या तोंडात काय झालं?" मग कोपऱ्यावरच्या शिंप्यानं दोन चेऱ्या चावून, डोकं खाजवून सांगितलं, "जांभळाची बहीण आहे ही. पण शहरात शिकलेली." सगळे हसले, आणि लोकांची भीड मोडली. एक पोरगी म्हणाली, नव्या खोडरबराचा वास येतो, तो पण छान वाटतो. कोणी म्हणालं, उसाचा रस न् त्यात चिंच धुतलेली. कोणाला रुहअफ्जा आठवला, कोणाला सलूनमधली पावडर. तुळसाबाई दुपारभर वाटतच होती. शेवटी ती स्वतः पायरीवर बसली, एक खाल्ली आणि म्हणाली, "लहानपणी पळसाचं फूल देठाकडून चोखो आम्ही. एक थेंब ये गोड. त्याच्यावानी आहे. थेंब आहे तो, लगेच संपते."

आपा डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच म्हणत, "खोटं. हे तू मनानं सांगून राह्यला. पुन्हा खा." पेटी रिकामी झाली तेव्हा उन्हं कलली होती. वर्षभराची मेहनत गल्लीनं खाऊन टाकली होती. आपा मला म्हणाल्या, "इतकी चेरी मले आजपर्यंत कोणी खाऊ घातली नाही." त्यांनी स्वतः त्या दिवशी एकही खाल्ली नव्हती.

त्या पावसाळ्यात यूसुफभाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा उमरखेडला नोकरीत होता, तो दोघांना घेऊन गेला. कोल्डरूमसकट दुकान दुसऱ्यानं घेतलं. आइस्क्रीमची पेटी भंगारात गेली. निघताना आपा माझ्या काउंटरशी आल्या आणि चष्म्याच्या काचा पुसत म्हणाल्या, "नाक सांभाळजो, बेटी. त्याच्यावर दोन माणसं चालून राह्यले."

हिवाळ्यात एक दिवस फोन आला. आपा जवळजवळ ओरडतच होत्या. "शुभा, डिझेल! बसस्टँडवर उभी होतो, एस.टी.नं धूर सोडला, न् नाकात डिझेल! इतका घाण वास, मी तिथंच रडलो. लोक म्हणे, खालाले काय झालं." मग अधूनमधून फोन येत राहिले. कधी हिंग आलेला असे, कधी ओला टॉवेल. काही वास चुकीचे येत. कांदा जळलेल्या रबरासारखा येई. आपांना त्याचीही मजा वाटे. "चुकीच्या घरी का होईना, दार वाजवून राह्यलं कोणीतरी."

उन्हाळा आला, नागपुरात चेरी आली. मी ओळखीच्या माणसाकडून एक खोकं थंड डब्यात भरून मागवलं आणि बर्फ बदलून तसंच उमरखेडच्या बसमध्ये घेऊन बसले. त्यांच्या मुलाच्या घरी पंख्याखाली आम्ही बसलो. यूसुफभाई पलंगावरून टक लावून पाहत होते. आपांनी चेरी मुठीत धरली, थांबल्या, खाल्ली.

"फिकी आहे," त्या म्हणाल्या.

डबा तापला असेल का? की नागपूरहूनच जुना माल आला? आपांनी मला बोलू दिलं नाही. त्यांनी सुनेला हाक मारली आणि तिच्या हातावर एक ठेवली. "सांग, कशी लागते?" सून चावत म्हणाली, "आंबटगोड आहे, अम्मी. वास बी मस्त येऊन राह्यला."

फळ बरोबर होतं. यूसुफभाईंनी नजर खाली घातली. आपा मात्र हातातल्या देठाकडं पाहत कसलातरी विचार करत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच जुनं कुतूहल यायला लागलं होतं.

"राहू दे हे खोकं इथंच," त्या म्हणाल्या. "फ्रिजमंधी ठेवतो. रोज एक खाईन. फळातली चव रोज थोडी जाईन, न् माह्या नाकात रोज थोडी येईन. पाहू दोघींची गाठ कुठं पडते ते."

मी आर्णीला परतले. मी मुद्दाम फोन केला नाही. विचारायची भीती वाटत होती. बरेच दिवस गेले. मग एका सकाळी, मी औषधांची खोकी उतरवून घेत असताना, आपांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"आज शेवटची होती. सुरकुतली होती बिचारी. सुनेनं अर्धी खाल्ली न् म्हणे, अम्मी, फेका, याच्यात काही राह्यलं नाही. उरलेली मी खाल्ली." त्या थांबल्या. "शुभा, ते शिरखुर्म्यात कधी एखादा कडू बदाम येते नं? तसं. अगदी जरासं, गिळल्यावर मागून. कडू बदाम."

मी म्हटलं, "आपा, खरंच? की तुम्हाला वाटलं..."

"मीही तेच म्हटलं. याद तं नाही? मनानं तं नाही बनवलं?" त्या म्हणाल्या. "मंग सारे आठवून पाहिले. तू काय सांगतलं, तुळसाबाईनं काय, यांनी काय, त्या दिवशी गल्लीनं काय काय सांगतलं. गुलाब होता, पळस होता, रबर होतं. कडू बदाम कोणीच नाही सांगतला. मंग हे मले कोठून येईन? चेरीतूनच आलं."

फोन ठेवल्यावर मी दुकान नवऱ्यावर सोडून बाहेर पडले. मोसम संपत आला होता. यवतमाळपर्यंत गेले, तेव्हा एका गाड्यावर थोडी चेरी मिळाली. तिथंच उभी राहून ती मुठीत धरली, थांबले, तोंड मिटून चावली आणि नाकानं श्वास सोडला. आधी आंबट, मग गोड, मग ते गुलाबाचं काहीतरी. आणि गिळून झाल्यावर, अगदी शेवटी, कडू बदाम होता.